तळ्याकाठचा रियाज

जेवणं झाली होती, पण केळीची पानं अजून उचलली नव्हती. तेवढ्यात वैद्यलिंगम पिल्लै आतून तबक घेऊन आले, ओसरीच्या मधोमध ठेवलं आणि त्यामागे मांडी घालून बसले. तबकात विड्याची पानं, सुपारी, नारळ आणि केळी होती. घरात लग्न नव्हतं की बारसं नव्हतं. आमच्या वाजंत्र्यांच्या गल्लीत भांडणं जेवणानंतरच होतात; रिकाम्या पोटी ना नागस्वरम फुंकता येतं, ना भांडता येतं. म्हणून तबक दिसताच त्यांच्या बहिणीचे यजमान रत्नसभापती हात धुवायला उठत होते ते पुन्हा खाली बसले.

"अक्का," वैद्यलिंगम म्हणाले. पुढचे दोन दात पडल्यापासून त्यांच्या बोलण्यातून वारा सुटायचा. नागस्वरमातूनही सुटायचा, म्हणून तर हा सगळा घाट. "पळनीला तुझ्या ओटीत घातला तो याच ओसरीवर. असंच तबक होतं. कागद नाही, वकील नाही. आज परत मागतोय, तोही तसाच."

त्यांची थोरली बहीण कुंजम्माळ चकलीसारखे कडक मुरुक्कू खात होती. पूवनूरहून येताना तिने डबाभर आणले होते. पासष्टी उलटली तरी तिचा एक दात हललेला नव्हता, आणि भावासमोर मुरुक्कू खायला तिला जरा जास्तच आवडायचं. आत्ता मात्र तिने अर्धा तुकडा हातातच धरून ठेवला.

"काय मागतोयस?" ती म्हणाली.

"मुलगा."

"कोणाचा?"

"अक्का, उगाच शब्द वाढवू नकोस. जुळे माझे. एक मी ठेवला, एक तुला दिला, कारण तुझी कूस उजवली नाही. तेव्हा कोणी मागितला नव्हता, मी आपण होऊन दिला. आता देवळाचे साहेब म्हणतात, उत्सवाचा ध्वज चढायच्या आत नाव द्या. माझ्यानंतर स्वामींपुढे कोण वाजवणार ते लिहून हवंय त्यांना. चार पिढ्यांचा मान आहे. मी पळनीचं नाव देणार."

खांबाला टेकून सोमू बसला होता. बावीस वर्षं याच घरात वाढलेला, याच बापाची छडी खाल्लेला. त्याच्यासमोरच्या खांबाला टेकून पळनी बसला होता. तेच नाक, तेच रुंद कपाळ, तीच डाव्या पायावर उजवा पाय टाकायची सवय. त्या क्षणी दोघांनीही पाय खाली घेतला.

"आणि सोमू?" कुंजम्माळने विचारलं.

"तुझी ओटी रिकामी नाही ठेवणार मी. सोमूला घेऊन जा. तिकडे तुझ्या यजमानांच्या तविलच्या ताफ्यात बसेल. लग्नाकार्यांत वाजवायला तेवढं पुरतं."

रत्नसभापती आयुष्यभर तविलचा ढोल बडवून बडवून थोडे बहिरे झाले होते, पण हे त्यांना नीट ऐकू आलं. "मेव्हणे," ते म्हणाले, "ही काय तांब्यापितळेची मोड आहे? जुना हंडा द्या, नवी घागर घ्या?"

कोणी हसलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वैद्यलिंगमांची बायको लोकांबाळ पदर तोंडाशी धरून आत वळली.

लोकांबाळला हे आदल्या दिवशीच कळलं होतं. नवऱ्याने सांगितलं तेव्हा तिला आधी आनंद झाला, अगदी उघड आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. बावीस वर्षांपूर्वी दोन बाळांमधलं कोणतं द्यायचं ते तिने ठरवलं होतं. जे झोपलं होतं ते तिने उचलून नणंदेच्या मांडीवर ठेवलं, म्हणजे जाताना रडणार नाही. तिथून पुढे प्रत्येक पोंगलच्या सणाला, प्रत्येक लग्नात तो मुलगा यायचा, 'मामी' म्हणून पाया पडायचा आणि नणंदेच्या मागे बसायचा. आता तो इथे 'अम्मा' म्हणेल, एवढंच काल तिच्या डोक्यात आलं होतं. सोमू कुठे जाईल हा विचार तिने केलाच नव्हता. आई असून केला नव्हता.

सोमू तिच्या मागोमाग आत आला.

"तुला ठाऊक होतं?"

"काल म्हणाले ते."

"आणि तू काय म्हणालीस?"

लोकांबाळने रसमचं भांडं उचललं, पुन्हा ठेवलं. "तुझा बाप माझं कधी ऐकतो?"

"मी ते नाही विचारलं, अम्मा. तू काय म्हणालीस?"

ती रसम ढवळायला लागली. सोमूने थोडा वेळ वाट पाहिली आणि मागच्या दाराने विहिरीकडे निघून गेला.

बाहेर वैद्यलिंगम बाजू मांडत होते. भांडण नव्हे, बाजू. त्यांना स्वतःला तसंच वाटत होतं.

"मी काही सोमूचा वैरी नाही. पण सांगा, पहाटे उठून तळ्यावर बसणं त्याच्याच्याने कधी झालं? मी उठवायचा, तो बसायचा, मी पाठ वळवली की आवाज बंद. छडी मोडली, मुलगा नाही वळला. मग भरदुपारी गल्ली झोपली की याला हुक्की येते. एकच तान धरून बसतो, घासून घासून तिचं पीठ करतो, आणि मध्येच टाकून सायकल काढतो. पुढे चार दिवस हात लावत नाही. याला काय रियाज म्हणतात? मी त्याच्या वयाचा असताना..."

"तू त्याच्या वयाचा असताना काय?" कुंजम्माळ म्हणाली.

"सगळ्या गावाला माहीत आहे मी काय."

ते मात्र खरं. आमच्याकडे न्हाव्यापासून देवळातल्या पुजारी गुरुक्कलांपर्यंत कोणालाही विचारा. वैद्यलिंगम पोरवयात तळ्यात छातीभर पाण्यात उभा राहून पहाटे वाजवायचा, असं तो सांगेल. न्हाव्याच्या सांगण्यात पाणी गळ्यापर्यंत येतं. पाहिलं कोणीच नव्हतं. आमच्यात पहाटेच्या रियाजाला डोकावत नाहीत, वाजवणाऱ्याला दृष्ट लागते. भिंतीआडून ऐकायचं आणि पुढे जायचं.

"पळनीचं रक्त तेच आहे," वैद्यलिंगम म्हणाले, "पण वळण वेगळं लागलं. मला म्हणायला लाज नाही, अक्का, तुझ्या घरात लागलं. मासी महिन्यात कुंभकोणमचं लग्न आटपून येत होतो. बस चुकली. पूवनूरच्या कालव्यावरून चालत निघालो, आणि तुमच्या नारळीच्या बागेमागून तोडी ऐकली."

कुंजम्माळने मुरुक्कूचा तुकडा पदराच्या टोकाला बांधायला घेतला.

"अंधार होता. भिंतीपाशी उभा राहिलो. खालच्या सुरावर असा काही थांबला हा मुलगा, की मला माझा बाप आठवला. घाई नाही, दाखवणं नाही. एकेक जागा पुसून, लखलखीत करून पुढे. उजाडेपर्यंत हललो नाही मी. आत आलो नाही, कारण मधे अडवू नये. घरी येऊन हिला, लोकाला म्हटलं, माझा मुलगा पूवनूरला आहे. हा जो इथे आहे, तो तुझ्या माहेरावर गेलाय."

पळनी खाली बघत होता. मग त्याने कुंजम्माळकडे पाहिलं. त्याला तिथे जे हवं होतं ते मिळालं नाही, कारण ती आपल्या पदराकडे बघत होती.

"मामा," तो म्हणाला, "मला इथे नाही राहायचं."

"तुला कोणी विचारलं नाही अजून."

"तेच म्हणतोय मी."

"बघा, उलट बोलणंसुद्धा सोमूचंच," रत्नसभापती म्हणाले. "मेव्हणे, मला रक्ताबद्दल बोलायचा अधिकार नाही, माझं रक्त माझ्यापाशीच संपलं. पण या मुलाला मी खांद्यावर बसवून अख्ख्या कावेरीकाठचे उत्सव दाखवलेत. तुम्ही नाव खुशाल द्या. स्वामींपुढे वाजवू दे, पूवनूरहून येऊन वाजवेल. परत मागू नका."

"मान घरातल्याला जातो. घरात असायला हवा."

"वाहवा. म्हणजे दिवा शेजाऱ्याने लावायचा आणि उजेड तुम्ही न्यायचा."

वैद्यलिंगम उठले, भिंतीवरचं स्वतःचं नागस्वरम काढलं आणि पळनीपुढे धरलं. "वाजव. त्या दिवशीची तोडी. सगळ्यांना ऐकू दे, मी काय मागतोय ते."

"आत्ताच जेवलोय, मामा."

"थोडी वाजव."

"वैद्या, राहू दे," कुंजम्माळ म्हणाली. आवाज एकदम वेगळा होता, पण तबकाच्या नादात वैद्यलिंगमांच्या लक्षात आला नाही.

पळनीने वाद्य घेतलं. पत्ती तोंडात भिजवली, दोनदा चाचपून पाहिली, एक बदलून दुसरी लावली. मग फुंकलं.

तोडी होतीच ती. पण खालच्या सुरावर तो टेकला न टेकला तोच वर उडी मारून गेला. मध्ये एक वळण सापडलं, तिथे अडला. तेच वळण उलटं केलं, सुलटं केलं, लांबवलं, तोडलं, पुन्हा जोडलं. त्याच्यात एक अशी जागा निघाली की रत्नसभापतींची बोटं गुडघ्यावर आपोआप पडली. आणि तिथेच, सूर अर्ध्यावर असताना, त्याने वाद्य खाली घेतलं आणि ओठ पुसले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लोकांबाळचा आवाज आला. "सोमू, पुरे कर तुझं. पळनीला वाजवू दे ना."

आणि त्याच्या पाठोपाठ मागच्या विहिरीवरून सोमूचा आवाज आला. "अम्मा, मी इथे आहे."

लोकांबाळ दारात आली. हातात उलथनं तसंच होतं. तिने पळनीच्या मांडीवरचं नागस्वरम पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. सोमू पोर असल्यापासून ती त्याचं वाजवणं भिंतीआडून ऐकत आली होती. घरात कोण चाललंय ते पावलांवरून ओळखणारी बाई, तिचा कान चुकला होता. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

वैद्यलिंगमांनीही डोळे मिटून ऐकलं होतं. आणि त्यांनाही तोच ऐकू आला होता, भरदुपारचा सोमू. सायकल काढायच्या आधीचा.

"हे नव्हे," ते म्हणाले.

"मला एवढंच येतं, मामा."

"हे नव्हे मी ऐकलं ते. तू पहाटे..."

"मी पहाटे उठत नाही." पळनीने वाद्य दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवलं. "सूर्य डोक्यावर आल्याशिवाय माझी बोटं जागी होत नाहीत. अम्माला विचारा."

सोमू मागच्या दाराने आत येऊन आईच्या पाठीशी उभा राहिला. पळनी आणि तो, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नांमध्ये भेटत होते, पत्ते खेळत होते, पण हे कधी बोलायची वेळ आली नव्हती.

"मग मी कोणाला ऐकलं?" वैद्यलिंगम म्हणाले. "तुमच्या बागेत अजून कोण आहे? शिष्य ठेवलाय? कोणाच्या घरचा?"

रत्नसभापती काहीतरी बोलायला गेले. कुंजम्माळने हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला," ती म्हणाली. "मला ऐकलंस तू."

वैद्यलिंगम हसले. चांगले मोठ्याने हसले. मग त्यांना दिसलं की आणखी कोणी हसत नाही, आणि रत्नसभापतींसारखा चेष्टेखोर माणूस मान खाली घालून बसलाय.

"तू या वयात..."

"या वयात. त्या वयातही. मधे एक दिवस गेला नाही. ताप असला तरी नाही. लग्न होऊन पूवनूरला गेले तेव्हा यांना आधी सांगितलं, मला मारा, टाका, काही करा, पहाटे मला बागेत जाऊ द्या. हे म्हणाले, जा, पण लोकांना काय सांगू? तेव्हा हे स्वतःच वाजवून बघतात असं सांगायचे. तविलवाल्याला हौस आलीय म्हणून लोक हसायचे, यांनी ते सोसलं. पुढे पळनी मोठा झाला, मग सोपं झालं. मुलगा वाजवतो म्हटलं की कोणी भिंतीवरून डोकावत नाही."

"अक्का, तू एखाद-दोन दिवस माझ्याऐवजी..." वैद्यलिंगम बोलता बोलता थांबले, कारण ते मोठ्याने बोलून बसले होते.

"एखाद-दोन दिवस?" कुंजम्माळ म्हणाली.

रस्त्यावरून जाणारी फुलवाली समोरच्या पायरीवर टोपली उतरवून कधीच बसली होती. आमची गल्ली तशी कामसू आहे, पण ऐकायला वेळ काढते.

"ऐक मग, वैद्या. मला हे सांगायचं नव्हतं. अप्पा गेले, अम्मा गेली, मी हे माझ्यासोबत चितेवर नेणार होते. तू माझा मुलगा मागितलास म्हणून सांगते. अप्पा दम्याने पुढच्या ओसरीवर पडून असायचे आणि मागच्या तळ्यावरून आवाज आला नाही की तुला बोलावून फोडून काढायचे. तुला आठवतं. तू गोठ्यात गवतावर झोपायचास. एक दिवस मी तुझं नागस्वरम उचललं आणि तळ्याच्या पायरीवर बसले. नवीन पत्त्या फुंकून मऊ करायचं काम माझ्याकडेच होतं, ओठ तयार होतेच. अप्पांनी त्या दिवशी तुला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले. माझं लग्न होईपर्यंत बसत होते. तळ्यात छातीभर पाण्यात कोण उभं होतं, ते त्या तळ्यातल्या माशांना विचार. कोणीच नव्हतं. मी पायरीवर होते आणि तू घोरत होतास."

"पण मी शिकलो," वैद्यलिंगम म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "मी वाजवलं आयुष्यभर. ते काय आकाशातून पडलं?"

"वाजवलंस की. कोण नाही म्हणतं? कार्यक्रमाहून चालत येताना बोटं कमरेवर चालायची तुझी. भरउन्हात वडाखाली एकच तान धरून बसायचास, जेवायला हाका मारून मारून घसा बसायचा माझा. मग चार दिवस विटी-दांडू. तू असाच होतास, वैद्या. आणि असाच मोठा झालास. वळणाचं पाणी वळणाला गेलं. एक तुझ्या घरात, छडीखाली. एक माझ्या घरात, लाडात. दोन्ही सारखीच निघाली, आणि दोन्ही तुझीच निघाली. लोकाच्या माहेराला कशाला नावं ठेवतोस?"

लोकांबाळने उंबऱ्यावरूनच नाक पुसलं.

सोमू पुढे आला. त्याला राग येत होता, पण तो नेमका कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. त्याच्या पोटऱ्यांवर अजून वळ होते, दिसत नसले तरी होते. हिवाळ्यातल्या पहाटे बापाने बखोट धरून तळ्यावर नेलेलं, पायरीवर बसवलेलं, 'मी तुझ्या वयाचा असताना' म्हणून छडी उगारलेली. तो माणूस त्या वयाचा असताना गोठ्यात झोपत होता.

"अप्पा," तो म्हणाला, "मग मला का मारलंत?"

वैद्यलिंगमांनी वर पाहिलं नाही. बहिणीशी बोलणं सोपं होतं, तिने त्यांना शेंबड्या वयात पाहिलेलं होतं. हा प्रश्न तसा नव्हता. बराच वेळ ते तबकातल्या नारळाची शेंडी बोटांनी सारखी करत राहिले.

"आधी मला मार बसला, मग मागून आवाज यायला लागला," शेवटी ते म्हणाले. "अप्पांनी मारलं, आणि आवाज आला. पुढे लोक सांगायला लागले, वैद्याने असं केलं, तसं केलं. आधी मी गप्प बसायचो. मग हसायचो. मग मीही सांगायला लागलो. पन्नास वर्षं सांगितलं, सोमू. मला वाटायला लागलं की मी होतो तिथे. मग वाटलं, छडी उगारली की आवाज येतो. आवाज कोणाचा ते विसरलो."

सोमूने माफ केलं असं मी म्हणणार नाही. तो एवढ्या लवकर माफ करणाऱ्यातला नव्हता, बापासारखाच होता. पण तो तिथून निघूनही गेला नाही.

"आणि तू," वैद्यलिंगम बहिणीकडे वळले. एवढं सगळं गमावल्यावर माणूस एकदा तरी चावतोच. "तू माझ्यासाठी एवढं केलंस, माझी अब्रू राखलीस, आणि आज मुलासाठी चारचौघांत काढलीस. वसूल केलंस."

"तुझ्यासाठी?" कुंजम्माळ म्हणाली. तिने पदराला बांधलेला मुरुक्कू सोडला. "कोण म्हणालं तुझ्यासाठी? पहिला दिवस तुझ्यासाठी होता. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी. अरे, मला करमत नाही त्याच्याशिवाय. पळनीसाठीही नाही वाजवलं मी. तुम्ही सगळे निमित्त होतात माझी. एकाच आईबापाची आपण, पण मी अप्पांवर गेले. तेही असेच होते, दम्यातसुद्धा पहाटे हवेत बोटं चालवायचे. तू अम्मावर गेलास, हुक्की आली की स्वर्ग, नाही आली की अंथरूण. त्यात तुझा दोष नाही. माझी पुण्याईही नाही."

पळनी तिच्याजवळ सरकून बसला आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढा वेळ ठेवला नव्हता.

"तबक तसंच आहे, वैद्या. बोल काय ते."

वैद्यलिंगमांनी तबकाकडे पाहिलं. नाही म्हणणं म्हणजे हरणं, आणि हो म्हणायला आता उरलं काय होतं? तबक मध्ये पडून राहिलं. अशा तबकाला ज्याने ठेवलं त्याने किंवा ज्याच्यापुढे ठेवलं त्याने हात लावायचा असतो, तिसऱ्याने नाही. तशी पद्धत आहे.

लोकांबाळ उंबऱ्यावरून उठली. ती पळनीसमोर आली, त्याच्याकडे भरपूर पाहून घेतलं. "तुला झोपेत दिला होता मी," ती म्हणाली. "जागेपणी मागायचा मला अधिकार नाही." मग वाकून तिने तबक उचललं आणि आत घेऊन गेली. आतून नारळ फोडल्याचा आवाज आला. म्हणजे आता संध्याकाळी खोबऱ्याची चटणी होणार होती, आणि तो विषय संपला होता.

"नाव सोमूचं जाईल," वैद्यलिंगम रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले.

"मी पहाटे उठणार नाही," सोमू म्हणाला.

"नको उठूस."

"आणि स्वामी बाहेर निघतानाची मल्लारी माझ्या पद्धतीने वाजवीन. ध्वजाच्या दिवशी."

"वाजव."

"पळनी माझ्यासोबत उभा राहील."

वैद्यलिंगमांनी मान हलवली. रत्नसभापतींनी आता कुठे उष्टा हात धुवायला घेतला. "दोघं एकाच जागी सूर सोडून देतील," ते म्हणाले, "तेवढा मी तविलवर भरून काढीन. या घराण्यात मला तेच काम आहे."

पाहुणे उत्सवासाठी आलेले, त्यामुळे राहिलेच. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तळ्याकडून तोडी सुरू झाली. सोमूला जाग आली ती सवयीने; त्या वेळेला त्याच्या पोटऱ्या आपोआप आखडायच्या. शेजारी पळनी तोंड उघडं टाकून झोपला होता. सोमू पडून ऐकत राहिला. खालचा सूर, पुन्हा खालचा सूर, कसलीच घाई नसलेला. आत्या एकच जागा कितीतरी वेळ पुसत होती आणि कंटाळत नव्हती. आपल्याला हे या जन्मी जमणार नाही, असं सोमूच्या मनात आलं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं नाही.

पुढच्या ओसरीवर अप्पा बसले होते. देवळात निघालेले गुरुक्कल पाण्याची कळशी घेऊन दारापुढे थांबल्याचं ऐकू आलं.

"काय पिल्लै, कोण आहे? सोमू की पळनी? रक्त लपत नाही हो. डोळे मिटले तर तुम्हीच तळ्यात उभे आहात असं वाटतं."

अप्पांनी एक मान हलवली असती तरी पुरे होतं. पन्नास वर्षं तेवढंच पुरत आलं होतं.

"मुलं झोपलीत आत," अप्पा म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द फुटत होते, पण मोठ्याने म्हणाले. "ती माझी अक्का आहे. कुंजम्माळ. पूर्वी तुम्ही ऐकायचात ना, तेव्हाही तीच होती. मी कधीच नव्हतो."

कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला. पुढे गुरुक्कल काय म्हणाले ते सोमूला कळलं नाही. त्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या वेळेला त्याला उठवायला कोणी आलं नव्हतं.